विमानातली झोप आणि खिशातली गोळी

नागभीडहून न्यू यॉर्कला जाणाऱ्याची पहिली झोप विमानात बुडत नाही. ती भिवापूर-उमरेडच्या रस्त्यावरच बुडते. नागपूरहून दोह्याकडे जाणारं विमान भल्या पहाटे सुटतं. तीन तास आधी विमानतळावर हजर राहायचं, मध्ये शंभरेक किलोमीटरचा रस्ता, वाटेत टायर बसला तर म्हणून तासभर हाताशी ठेवायचा. म्हणजे रात्री नऊ-साडेनऊलाच गाडी दारातून निघते. त्याआधीचे दोन दिवस बॅगा भरण्यात, काट्यावर चढवण्यात, 23 किलोच्या वर गेल्या म्हणून पुन्हा उघडून डिंकाचे लाडू कमी करण्यात गेलेले असतात. निरोप द्यायला येणाऱ्यांना चहा असतोच. एवढं सगळं उरकून साठी ओलांडलेलं जोडपं विमानात बसतं ते आधीच एका रात्रीच्या जागरणाने शिणलेलं. पुढे दोह्यापर्यंत चार-साडेचार तास, तिथे ताटकळणं, आणि मग न्यू यॉर्कपर्यंत चौदा तासांची बैठक.

आपल्या भागातून परदेशी जाणारे ढोबळमानाने दोन प्रकारचे. शिकायला-नोकरीला जाणारी पोरं, आणि मागाहून सुनेच्या किंवा लेकीच्या बाळंतपणाला जाणारे त्यांचे आईवडील. पोरांची झोप कुठेही होते, खुर्चीत मान टाकली की झालं. हा आढावा दुसऱ्या प्रकारच्या प्रवाशांसाठी आहे. रक्तदाबाची गोळी सकाळी, साखरेची जेवणाआधी, गुडघ्यांचं दुखणं कायमचं, आणि रात्री दोनदा लघवीला उठणं. ‘विमानात झोप कशी लागेल’ हा प्रश्न सर्वांत जास्त हेच लोक विचारतात. झोपेची औषधं सर्वांत जास्त बाधतात तीही यांनाच.

प्रश्न बहुधा मेडिकलच्या काउंटरवर विचारला जातो. ‘विमानात झोप लागन असी एखादी गोळी देजो गा.’ दुकानदार ओळखीचा असतो, तरी ‘चिठ्ठी हाये का, काका?’ एवढं विचारतो. त्याने ते विचारायलाच हवं. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही नेहमीच्या ऐकण्यातली झोपेची औषधं 2014च्या मार्चपासून ‘शेड्यूल एच-वन’मध्ये आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत. विक्रीची नोंद वेगळ्या वहीत ठेवावी लागते, त्यात रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव लिहावं लागतं आणि ती वही तीन वर्षं जपावी लागते. चिठ्ठी नसली तरी गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परतत नाही, हा खरा घोटाळा. शेजाऱ्याच्या पाकिटातल्या दोन गोळ्या मिळतात, नाहीतर सर्दीची गोळी मिळते, नाहीतर उलटीची.

विमानात झोपायची धडपड विमानप्रवासाइतकीच जुनी. एअर इंडियाचं पहिलं आंतरराष्ट्रीय विमान 8 जून 1948ला मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं. तेव्हा वाटेत उतरायला मिळत असे, पाय मोकळे होत असत. थांबे गेले, वेग वाढला आणि एकाच खुर्चीत बसून राहायचे तास मात्र वाढत गेले. 2007मध्ये मुंबईहून न्यू यॉर्कला थेट विमान सुरू झालं, तेव्हा ते सोळा तासांच्या घरात गेलं. माणूस रात्रीत एवढे तास अंथरुणावरही पडून राहत नाही.

औषधांचा इतिहासही याला समांतर चालतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बार्बिट्युरेट आले. गुण आणि विष यांतलं अंतर त्यांच्यात फार कमी होतं. 1960च्या दशकात लिब्रियम आणि व्हॅलियम आली, म्हणजे बेंझोडायझेपाइन गटातली औषधं. ती तुलनेने सुरक्षित म्हणून जगभर घरोघरी पोचली. याच गटातलं ट्रायझोलाम लवकर चढतं आणि लवकर उतरतं, म्हणून लांबच्या प्रवाशांचं लाडकं झालं. मग 1987मध्ये अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एक टिपण छापून आलं. विमानात ट्रायझोलाम आणि जोडीला मद्य घेतलेल्या तिघांना उतरल्यानंतरच्या कित्येक तासांचं काहीही आठवेना. त्या तासांत ते चालले होते, बोलले होते, व्यवहार करत होते, फक्त मेंदूने त्याची नोंदच ठेवली नव्हती. तिघेही स्वतः मेंदूशास्त्रज्ञ होते. ‘ट्रॅव्हलर्स अ‍ॅम्नेशिया’ हे नाव रूढ झालं ते तिथून. ब्रिटनने 1991मध्ये ट्रायझोलामची परवानगीच काढून घेतली.

त्यानंतर आलेलं झोल्पिडेम अमेरिकेत 1992मध्ये मंजूर झालं. ‘हे जुन्यांसारखं नाही’ असं त्याच्याबद्दलही सांगितलं गेलं. 2013मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बायकांसाठी त्याची मात्रा 10वरून 5 मिलिग्रॅमवर आणायला लावली, कारण बायकांच्या रक्तात ते सकाळपर्यंत जास्त रेंगाळतं. आपल्याकडे नवऱ्याला दिलेली गोळी बायकोने घेणं सर्रास चालतं, म्हणून हा आकडा मुद्दाम सांगतो. 2019मध्ये याच औषधाच्या वेष्टनावर सर्वांत कडक इशारा आला. ते घेतलेली माणसं झोपेतच उठून चालतात, स्वयंपाक करतात, गाडीही चालवतात, आणि त्यातून जीव गेलेले आहेत.

आता हे नागपूर-दोहा-न्यू यॉर्क मार्गावर लावून पाहा. झोल्पिडेमची शिफारस आहे ती पुढे सात-आठ तास निवांत अंथरूण असेल तेव्हासाठी. दोह्यापर्यंतच्या चार तासांत जेवण येतं, खुर्च्या सरळ करायला सांगतात, आणि विमान उतरतं तेव्हा गोळीचा अंमल अर्ध्यावर असतो. त्या अवस्थेत नवा गेट नंबर वाचायचा, पासपोर्ट-बोर्डिंग पास सांभाळायचा, लिफ्ट आणि सरकते जिने पार करायचे. इंग्रजी फलक एरवीही घाबरवणारे असतात, गोळीच्या धुंदीत तर विचारायलाच नको. चौदा तासांचा दुसरा टप्पा गोळीला पुरेसा लांब आहे खरा, पण तिथे दुसरं संकट उभं राहतं.

ते पायात असतं. सलग बसून राहिलं की पोटऱ्यांच्या खोल शिरांत रक्त साकळतं. ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर प्राणावर बेतते. जागतिक आरोग्य संघटनेने 2007मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून लांब प्रवासात हा धोका साधारण दुपटीने वाढतो. घाबरून जाण्याजोगा आकडा नाही, निरोगी माणसांत अशा सहा हजार प्रवाशांत एखाद्याला हे होतं. पण स्थूल माणसं, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, कर्करोगाचे रुग्ण, आधी गुठळी झालेले यांच्यात तो वाढतो. नैसर्गिक झोपेत माणूस चुळबुळतो, कूस बदलू पाहतो, पाय आखडले की जागा होतो. खुर्चीत हे अर्धवट जागं होणंच पायांचं रक्षण करतं. गोळी नेमकं तेच बंद करते.

उतारवयातल्या माणसांबद्दल तर वादही फारसा उरलेला नाही. अमेरिकेच्या वृद्धवैद्यक संघटनेची ‘बीअर्स’ नावाची यादी असते, पासष्टीनंतर कोणती औषधं टाळावीत याची. बेंझोडायझेपाइन त्यात आहेत, झोल्पिडेमचा गट आहे, आणि झोप आणणाऱ्या जुन्या धाटणीच्या सर्दीच्या गोळ्याही आहेत. कारणं साधी आहेत: तोल जाणं, पडून हाड मोडणं, गोंधळ उडणं. अंधाऱ्या, हलत्या, अरुंद वाटेवरून रात्री शौचालयात जाणाऱ्या सत्तर वर्षांच्या माणसाचं चित्र डोळ्यांसमोर आणलं की यादी पाठ करावी लागत नाही.

सर्दीच्या आणि उलटीच्या गोळ्या निरुपद्रवी असतात हा आपल्याकडचा पक्का समज. एसटीच्या प्रवासाआधी अव्होमिन घेण्याची सवय महाराष्ट्रात जुनी आहे. ती गोळी घेतलेला प्रवासी घाटभर पेंगत राहतो हेही सर्वांनी पाहिलंय. ती पेंग हा दुष्परिणाम आहे, आणि विमानात लोक तोच गुण म्हणून वापरतात. या गटातली औषधं प्रोस्टेटच्या त्रासात लघवी अडवू शकतात, काही प्रकारच्या काचबिंदूत डोळ्यांवरचा दाब वाढवतात, तोंड कोरडं पाडतात. विमानातली हवा आधीच वाळवंटापेक्षा कोरडी, तिथला ओलावा बहुतेक वेळ वीस टक्क्यांच्या खाली असतो. शिवाय गुंगी लांबते, उतरल्यावर इमिग्रेशनच्या रांगेतही ती डोक्यावर बसलेली असते.

लहान मुलांना असं सरबत पाजून झोपवण्याचा सल्ला आया एकमेकींना देतात. तो तर अजिबात ऐकू नये. काही मुलांमध्ये हे औषध उलटं काम करतं, पोर चेकाळतं आणि दहा तास रडतं. श्वास मंदावण्याचा धोका वेगळाच. मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या बायका तान्ह्यांना अफू घातलेली बाळगोळी देत असत. त्यांच्याजवळ दुसरा इलाज नव्हता. विमानात आईवडील दोघंही शेजारी बसलेले असतात.

अफूवरून खसखस आठवली. रात्री झोप येत नसेल तर खसखशीची खीर, जायफळ घातलेलं दूध, हे आपल्या घरातले जुने उपाय. लाडवातही खसखस पडते. संयुक्त अरब अमिरातीत खसखस आणायला बंदी आहे, आणि पिशवीत ती सापडल्याने भारतीय प्रवासी अडकल्याच्या बातम्या येऊन गेल्या आहेत. दुबई-शारजामार्गे जाणाऱ्यांनी बाळंतिणीच्या लाडवांतून ती काढूनच टाकावी. तिथे अल्प्राझोलाम, ट्रामाडॉल, कोडीनचं खोकल्याचं औषध यांसाठी आधी ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. नागभीडच्या मेडिकलमधून सहज घेतलेली पाकिटाबाहेरची चार गोळ्यांची सुटी पट्टी तिथल्या कस्टमच्या टेबलावर फार वेगळी दिसते. औषध मूळ पाकिटात, सोबत इंग्रजीत नाव-मात्रा लिहिलेली चिठ्ठी आणि बिल, आणि सगळं हातातल्या पिशवीत. रक्तदाबाच्या औषधालाही हाच नियम लावलेला बरा.

दारूचं काय? गडचिरोलीत 1993पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती 2015ला आली आणि 2021ला उठली. बंदीचा उपयोग झाला की नाही यावर इथे अजून पारावर भांडणं होतात. पण विमानात बसल्यावर ज्याला एरवी चोरून मिळायची त्याला ती हसतमुखाने आणि फुकट मिळते. ‘दोन घेतल्या की झोप लागते’ हे खोटं नाही. पुढचं कोणी सांगत नाही. 2024मध्ये जर्मनीच्या अंतराळ आणि हवाई संशोधन केंद्राने 48 निरोगी तरुणांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. विमानातल्या केबिनइतका हवेचा दाब ठेवून, थोडं मद्य देऊन काहींना झोपवलं. त्यांच्या रक्तातला ऑक्सिजन 85 टक्क्यांच्या आसपास उतरला आणि झोपेतही नाडी 88पर्यंत चढली. केबिनमधली हवा आठ हजार फूट, म्हणजे सुमारे 2400 मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ असू शकते. आपलं कळसूबाई 1646 मीटर. म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच शिखरापेक्षाही वर बसून पिणं झालं. तरुणांची ही गत, तर हृदयविकार किंवा घोरण्याचा आजार असलेल्यांनी काय समजायचं ते समजावं. झोपेची गोळी आणि दारू एकत्र घेऊ नये, यावर जगातल्या सगळ्या डॉक्टरांचं एकमत आहे.

खर्‍ऱ्याची गोष्ट दारूइतकी बोलली जात नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत तंबाखूचा खर्रा हा तिसरा हात आहे. तंबाखूतलं निकोटिन झोप उडवतं, आणि सवय झालेल्याला ते मिळालं नाही की चिडचिड करून झोप उडवतं. विमानात झोप न लागण्याचं कारण अनेकांच्या खिशातच असतं. ते सोडायला निमित्त हवं असेल तर एवढा लांब प्रवास वाईट नाही, मात्र सुरुवात महिनाभर आधी करावी.

आता मेलाटोनिन. गोंधळ सर्वांत जास्त इथेच आहे आणि कामाची गोष्टही इथेच आहे. मेंदूतली एक ग्रंथी अंधार पडला की हे द्रव्य सोडते. 1958मध्ये अमेरिकेत अ‍ॅरन लर्नर यांनी ते वेगळं काढलं. ते शरीराला ‘रात्र झाली’ असं सांगतं, डोकं बधिर करत नाही. म्हणून झोपेची गोळी समजून घेणाऱ्यांची निराशा होते. उपयोग आहे तो जेट लॅगवर. कॉक्रेनच्या 2002च्या आढाव्यात दहापैकी नऊ चाचण्यांत फायदा दिसला: पाच किंवा जास्त कालपट्टे ओलांडल्यावर, पोचलेल्या गावच्या झोपायच्या वेळेला, अर्धा ते पाच मिलिग्रॅम. पूर्वेकडे जाताना फायदा जास्त. चुकीच्या वेळी घेतलं तर घड्याळ उलट दिशेला सरकतं, आणि विमानात बसल्या बसल्या घेतलेली मात्रा बहुतेक वेळा चुकीच्या वेळीच पडते. मिरगी असलेल्यांनी आणि रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये.

अमेरिकेत ते किराण्यासारखं मिळतं, औषध म्हणून नव्हे तर पूरक आहार म्हणून. मुलगा प्रेमाने दहा मिलिग्रॅमच्या गमीची बाटली आणून देतो. 2023मध्ये तिथल्याच संशोधकांनी अशा 25 बाटल्या तपासल्या. 22 बाटल्यांवरचा आकडा आतल्या ऐवजाशी जुळत नव्हता, आणि एकीत तर मेलाटोनिन सापडलंच नाही. ब्रिटनमध्ये हेच चिठ्ठीशिवाय मिळत नाही. अश्वगंधेची भलावण हल्ली तितकीच चालते. तिच्यावरचे अभ्यास आहेत ते कित्येक आठवडे रोज घेण्याचे, एका रात्रीसाठी घेण्याचे नव्हेत. डेन्मार्कने 2023मध्ये पूरक आहारातून तिच्यावर बंदी घातली आहे.

जेट लॅग म्हणजे जागरण नव्हे, हे आपल्या भागातल्या माणसाला सहज पटायला हवं. दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. वडसा, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड या पट्ट्यात माणसं सतरंजी घेऊन रात्री बसतात आणि उजाडताना उठतात. धानाच्या बांधावर रानडुकरांसाठी जागल करणारा तर आठवडेच्या आठवडे असा काढतो. दुसऱ्या दिवशी दुपारी ताणून दिली की गाडी रुळावर येते, कारण सूर्य तोच असतो. न्यू यॉर्कमध्ये दुपारचे चार वाजतात तेव्हा, उन्हाळ्यात, आपल्याकडे रात्रीचा दीड वाजलेला असतो. झोप भरून काढली तरी घड्याळ चुकलेलंच राहतं. ते दिवसाला साधारण एका तासाने सरकतं. पश्चिमेकडे जाताना जरा लवकर आणि परत येताना जरा उशिरा, कारण माणसाच्या अंगातला दिवस चोवीस तासांपेक्षा किंचित मोठा आहे. म्हणून परतल्यावर नागभीडात आठवडाभर दुपारी डोळे मिटतात आणि पहाटे दोनला लख्ख जाग येते. ते काही आजारपण नव्हे.

यातून माझं मत असं झालं आहे की विमानात झोप मिळवणं हे ध्येयच चुकीचं आहे. तिथे डोळे मिटून पडणं, तुकड्यातुकड्यांत पेंगणं एवढं पुरे. खरी झोप साधायची ती पोचलेल्या गावच्या पहिल्या रात्री. न्यू यॉर्कला दुपारी पोचलात तर अंगणात, फुटपाथवर, उजेडात राहा. दिवाणावर आडवं होऊ नका. रात्री आठ-नऊला जेवून झोपा. पहाटे तीनला जाग येणार, तेव्हा मोबाइल उघडून नागभीडला फोन लावू नका, तिथे दुपार आहे म्हणून सगळे उचलतील आणि तुमची झोप गेलीच.

विमानात बिनऔषधाच्या साध्या गोष्टी चांगल्या चालतात. डोळ्यांवर पट्टी, कानात बोळे (इंजिनाचा आवाज ऐंशी डेसिबलच्या घरात असतो), मानेला उशी, पायांत सैल मोजे, पट्टा पांघरुणावरून बांधलेला म्हणजे हवाईसेविका उठवत नाही. चहा-कॉफी शेवटच्या जेवणानंतर नको. तासा-दोन तासांनी एक फेरी, बसल्या जागी पाऊल वरखाली. पाणी घोटघोट. लघवीला उठावं लागेल म्हणून पाणी न पिणारे बरेच भेटतात. उठावं लागावं म्हणून तरी त्यांनी पाणी प्यावं.

आणखी एक गोष्ट गोळीवाल्यांना पटेल. 2 जानेवारी 2024ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सच्या विमानाने पेट घेतला. आतले 379 जण, सगळेच्या सगळे, जिवंत बाहेर आले. सामान तिथेच टाकून, सांगितलेलं ऐकून, ते स्वतःच्या पायांनी बाहेर पडले. गोळीच्या गुंगीत हे जमणं कठीण.

तरीही कोणाला डॉक्टर गोळी देतीलच. भीतीने जीव घाबरा होणारे, आधीपासून रोज झोपेची गोळी घेणारे यांची गोष्ट वेगळी. रोजची गोळी प्रवासापुरती अचानक बंद करणं तर धोक्याचं. नव्याने मिळालेली गोळी आधी एक-दोनदा घरी, आपल्या पलंगावर घेऊन पाहावी. पहिल्यांदाच ती आकाशात घेऊ नये, तीही अर्ध्या प्रवासात. मधुमेहाच्या औषधांच्या वेळा कशा सरकवायच्या हे त्याच भेटीत कागदावर लिहून घ्यावं.

बाकीची विनंती आईवडिलांना नाहीच, न्यू जर्सीत, डॅलसमध्ये बसून त्यांचं तिकीट काढणाऱ्या मुलांना आहे. तिकीट शंभर डॉलर स्वस्त मिळतं म्हणून मध्ये दीड तासाची धावपळ किंवा अकरा तासांचा मुक्काम गळ्यात मारू नका. मुक्काम लांब असेल तर दोह्याला विमानतळाच्या आतच हॉटेल आहे, तिथली खोली घ्या. वाटेकडची खुर्ची आधीच पैसे भरून राखा, व्हीलचेअरची नोंद तिकिटाबरोबरच करा, आणि निघायच्या आदल्या रात्री त्यांना नागभीडहून नागपूरला आणून नातेवाइकाकडे झोपवा. ते पोचतील त्या दिवशी पाहुणे बोलावू नका.